बधिर लोकांचं मानसिक आरोग्य: हे एकट्या देशाचं काम नाही

सायकियाट्रिस्टकडे पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला एक प्रश्न बहुतेक वेळा विचारला जातोच, की आजूबाजूला कुणी नसताना आवाज ऐकू येतात का, कुणी आपल्याशी बोलतंय असं वाटतं का. आता हाच प्रश्न जन्मापासून काहीच ऐकू न येणाऱ्या माणसाला विचारायचा म्हटला तर कसा विचारायचा? आणि तो हो म्हणाला तर त्या होचा अर्थ काय लावायचा? बरीच वर्षं डॉक्टर लोक इथे अंदाजानेच चालत होते. मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जोआना अ‍ॅटकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६-०७ च्या सुमाराला सरळ बधिर पेशंटनाच विचारलं, त्यांच्या स्वतःच्या भाषेत म्हणजे हातांनी बोलायच्या ब्रिटिश साइन लँग्वेजमध्ये, आणि वेगवेगळ्या अनुभवांची कार्डं समोर ठेवून ती आपापल्या अनुभवाप्रमाणे लावायला सांगितली.

जे निघालं ते वाचून मी कितीतरी वेळ त्याच पानावर होते. जन्मतः पूर्ण बधिर असलेल्या लोकांच्या अनुभवात आवाज नव्हताच, पण कुणीतरी आपल्याशी बोलतंय हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण मनात त्यांना साइन करणारे हात किंवा हलणारे ओठ दिसत होते. ज्यांना लहानपणी थोडंफार ऐकू यायचं किंवा जे ऐकण्याचं मशीन लावायचे त्यांच्या अनुभवात आवाजासारखं काहीतरी होतं. म्हणजे ज्या माणसाला भाषा ज्या वाटेने मिळाली त्याच वाटेने आजारही येतो, आणि डॉक्टरने फक्त कानाचं विचारलं तर त्याला अर्धवट उत्तर मिळणार, किंवा साफ चुकीचं मिळणार.

या अभ्यासात माणसं होती २७. हा आकडा छोटा वाटेल पण मला तो मोठा वाटतो आणि का ते सांगते. जन्मापासून किंवा अगदी लहानपणापासून जवळजवळ काहीच ऐकू येत नाही अशी माणसं साधारण हजारात एक असतात. समजा एखाद्या देशाची वस्ती ५० लाख आहे, तर अशी माणसं पाच हजारांच्या आसपास, त्यात स्किझोफ्रेनियाचे पेशंट फार तर पन्नास, आणि ते सगळे गावोगाव पसरलेले. तिथल्या एखाद्या डॉक्टरला सगळ्या नोकरीत असा एक पेशंट भेटेल, कदाचित तोही नाही. आता त्याने काय शिकायचं आणि कुणाकडून? म्हणून मला वाटतं की बधिर लोकांच्या मानसिक आरोग्याचं काम एकट्या देशाने करण्यासारखं नाहीच आहे, श्रीमंत देशानेसुद्धा नाही. डायबिटीसचे पेशंट प्रत्येक गावात असतात, हे तसं नाही, इथे अनुभव जगभर चिमूट चिमूट सांडलेला आहे आणि तो कुणीतरी एकत्र आणल्याशिवाय ज्ञान म्हणून उभाच राहत नाही.

पण एक अडचण अशी की एकत्र आणायचं म्हटलं तरी सगळ्यांची भाषा एक नाही. ऐकू येणाऱ्या बऱ्याच लोकांना वाटतं साइन लँग्वेज जगभर एकच असते. नाही. वर्ल्ड फेडरेशन ऑफ द डेफ ही बधिर लोकांची जागतिक संघटना, १९५१ साली रोममध्ये सुरू झालेली, ती जगात सुमारे ७ कोटी बधिर लोक आणि २०० हून जास्त सांकेतिक भाषा असल्याचं सांगते. इंग्लंड आणि अमेरिका दोघेही इंग्रजी बोलतात पण ब्रिटिश साइन आणि अमेरिकन साइन यांचं एकमेकांशी जमत नाही, अमेरिकन साइनचं नातं उलट फ्रेंच साइनशी आहे. तेव्हा माणसं कमी, विखुरलेली, आणि वर भाषा दोनशेच्या पुढे. यात एका देशाने दुसऱ्याला नक्की काय द्यायचं हाच खरा प्रश्न आहे, आणि मी गेली काही वर्षं या विषयावर जे मिळेल ते वाचतेय ते या एका प्रश्नासाठी.

वाचायला लागले ते दादामुळे. माझा मोठा भाऊ जन्मापासून बधिर आहे, घरात त्याच्याआधी कुणी बधिर नव्हतं, आणि यात आमचं घर काही वेगळं नाही कारण बधिर मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्माला येतात. (हे सगळं लिहायला दादाची परवानगी आहे, त्याने वाचून दोन वाक्यं काढायला लावली ती काढली.) अशा घरात जेवताना काय होतं ते ज्यांच्या घरी बधिर माणूस आहे त्यांना सांगायला नको. सगळे एकदम बोलत असतात, कुणीतरी काहीतरी म्हणतं, सगळे हसतात, तो विचारतो काय झालं आणि त्याला उत्तर मिळतं की काही नाही, नंतर सांगते. बधिर लोकांत याला डिनर टेबल सिंड्रोम असं नावच आहे. मारहाण नाही, उपाशी ठेवणं नाही, सगळं प्रेमाचं घर, आणि तरी माणूस वर्षानुवर्षं स्वतःच्याच घरात बाहेरचा.

२०१२ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये फेलिंगर, होल्झिंगर आणि पोलार्ड या तिघांचा बधिर लोकांच्या मानसिक आरोग्यावर एक मोठा लेख आला. त्यात एक वाक्य आहे की ज्या बधिर मुलांना घरात आपलं म्हणणं समजावता येत नाही त्यांना मानसिक आजार होण्याचं प्रमाण, ज्यांचा घरच्यांशी नीट संवाद आहे त्यांच्यापेक्षा चौपट असतं. मला या वाक्याचा फार आधार वाटला कारण त्यात दोष कानाला दिलेला नाही. बधिर असणं म्हणजे आजार नाही, डिप्रेशन तर नाहीच. त्या मुलाला वेळेवर पूर्ण भाषा मिळाली का आणि ती भाषा घरात कुणाला येते का, यावर पुढचं बरंच काही ठरतं. आणि हो, त्या तिघांपैकी दोघे ऑस्ट्रियाचे, एक अमेरिकेचा. एकाच हॉस्पिटलचा अनुभव त्या लेखाला पुरला नसता.

दादाची झोप उडाली, जेवण तुटलं, कामावर जाणं बंद झालं तेव्हा आम्ही त्याला एका हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे साइनचा इंटरप्रिटर म्हणजे दुभाषा नव्हता, तुम्हाला येतं ना मग तुम्हीच सांगा असं मला सांगण्यात आलं, म्हणून मी मध्ये बसले. डॉक्टर भले होते, वेळ देऊन विचारत होते. त्यांनी विचारलं की जगू नये असं कधी मनात येतं का. मी ते साइन करून विचारलं. दादाने माझ्याकडे बघितलं आणि नाही म्हणाला. पुढे काही महिन्यांनी व्हिडिओवर एका काउन्सेलरशी त्याचं बोलणं सुरू झालं, ती स्वतः बधिर, आणि तिला तो पहिल्याच भेटीत हो म्हणाला. हे त्याने मला बरं झाल्यावर सांगितलं. धाकट्या बहिणीच्या तोंडावर कुठला भाऊ हो म्हणेल? प्रश्न तोच, भाषा तीच, फक्त मध्ये बसलेलं माणूस बदललं आणि उत्तर उलटं झालं. म्हणून घरच्या माणसाला इंटरप्रिटर करू नये, हे नियम म्हणून कुठे लिहिलेलं असो वा नसो.

त्या काउन्सेलरचं शिक्षण परदेशात झालं होतं, कारण तिच्या देशात बधिर विद्यार्थ्याला हा कोर्स त्याच्या भाषेत करता येईल अशी सोयच नव्हती. वॉशिंग्टनच्या गॅलोडेट युनिव्हर्सिटीसारख्या, जिथे सगळं शिक्षण साइनमध्ये चालतं आणि क्लिनिकल सायकॉलॉजीची डॉक्टरेटसुद्धा करता येते, अशा जागा जगात बोटावर मोजण्याइतक्या. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर झेंडे आणि परिषदा येतात, माझ्या डोळ्यांसमोर ती काउन्सेलर येते.

इंटरप्रिटर आला की प्रश्न मिटला असंही नाही, आणि इथे जरा थांबायला हवं. चांगल्या इंटरप्रिटरला शिकवलेलं असतं की समोरच्याचं म्हणणं दुसऱ्या भाषेत नीट, अर्थ लागेल असं पोचवायचं. सायकियाट्रीत हेच उलटं पडू शकतं. पेशंटची वाक्यं तुटत असतील, एक साइन दुसऱ्याशी जुळत नसेल, तर इंटरप्रिटर सवयीने ते जुळवून देतो आणि डॉक्टरला वाटतं सगळं ठीक आहे. आणि जुळवलं नाही, तुटकच सांगितलं, तर डॉक्टरला वाटतं विचारांत गोंधळ आहे, सायकोसिस आहे म्हणजे वास्तवाशी संबंध सुटलाय, औषध सुरू करा. प्रत्यक्षात तिसरंच काही असू शकतं, की या माणसाला लहानपणी कुठलीच भाषा पूर्ण मिळालेली नाही, ना बोलीभाषा ना साइन, आणि तो आहे तेवढ्या साइनांत जमेल तसं सांगतोय. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टबरो स्टेट हॉस्पिटलच्या बधिर युनिटमध्ये नील ग्लिकमन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं, भाषेच्या उपासमारीची लक्षणं कुठली आणि आजाराची कुठली ते वेगळं कसं करायचं यावर. हा फरक न कळल्याने माणसाचं अख्खं आयुष्य जाऊ शकतं. नॉर्थ कॅरोलायनात ज्यूनियस विल्सन नावाच्या बधिर कृष्णवर्णीय माणसाला १९२५ मध्ये एका गुन्ह्याचा आरोप ठेवून, वेडा ठरवून सरकारी हॉस्पिटलात टाकलं, त्याच्यावरचे आरोप पुढे मागे घेतले गेले, तरी २००१ मध्ये तो वारला तो त्याच हॉस्पिटलच्या आवारात. ७६ वर्षं. तो ज्या साइन करायचा त्या तिथल्या कृष्णवर्णीय बधिर मुलांच्या शाळेतल्या होत्या, आणि त्या समजणारं कुणी त्याच्यासमोर आणून बसवायला कितीतरी दशकं गेली.

अमेरिकेतल्याच अलाबामा राज्यात बधिर पेशंटांच्या सोयींवरून कोर्टात केस झाली, २००२ मध्ये तडजोड झाली, आणि त्यातून २००३ पासून मानसिक आरोग्यासाठी वेगळं इंटरप्रिटर ट्रेनिंग सुरू झालं. आठवडाभराचा ४० तासांचा कोर्स, मग देखरेखीखाली काम, मग परीक्षा. तुटकपणा झाकायचा नाही, तो कसा आहे त्याचं वर्णन डॉक्टरला करायचं, असली कौशल्यं यात येतात. ही गोष्ट कुठल्याही देशाला उचलता येते, तिथली साइन कुठलीही असो.

अजून एक मुद्दा जो मला ऐकू येणाऱ्या डॉक्टरांच्या लिखाणात फार कमी दिसतो, तो औषधांचा. मूड सावरायला देतात त्या लिथियमने हात थरथरतात, सायकोसिसच्या काही औषधांनी अंग ताठरतं, चेहरा लाकडासारखा होतो. ऐकू येणाऱ्या पेशंटला हा त्रास असतोच, पण त्याचं बोलणं बऱ्यापैकी चालू राहतं. साइनमध्ये हात म्हणजे शब्द आणि चेहरा म्हणजे व्याकरण, भुवया वर गेल्या की प्रश्न होतो, तेव्हा त्याच औषधाने बधिर माणसाची वाचा अडखळते. आणि वॉर्डात कुणी चिडून जोरजोरात साइन करायला लागला, स्टाफने ते हिंसक समजून हात बांधले, तर त्याचं तोंडच बंद केलं की. मला वाटतं हे एवढं एक पान छापून जगातल्या प्रत्येक मानसिक रुग्णालयात लावलं तरी खूप होईल.

आता देण्याघेण्याचा प्रश्न. डिप्रेशनसाठी जगभर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, पीएचक्यू-९. लिहिलेली प्रश्नावली बधिर माणसाच्या हातात दिली तर पुष्कळांसाठी ती दुसऱ्या भाषेतली असते, शाळेत कशीबशी शिकलेली. ऑस्ट्रियात लिंझ शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये १९९१ पासून बधिर लोकांसाठी वेगळं केंद्र आहे, योहानेस फेलिंगर यांनी उभं केलेलं, तिथे २००५ च्या आधीच प्रश्नावल्या कॉम्प्युटरवर ऑस्ट्रियन साइनच्या व्हिडिओत केल्या होत्या. मँचेस्टर युनिव्हर्सिटीत कॅथरीन रॉजर्स, या स्वतः बधिर आहेत, आणि अ‍ॅलिस यंग यांच्या टीमने २०१३ मध्ये पीएचक्यू-९ ब्रिटिश साइनमध्ये आणली. बधिर लोक एकत्र बसले, भाषांतर केलं, दुसऱ्यांनी ते उलट इंग्रजीत केलं, पुन्हा तपासलं, मग शंभराहून जास्त लोकांना देऊन बघितलं असं हळू काम. आणि पुढे २०१६ मध्ये असं निघालं की डिप्रेशन समजायला इंग्रजीत १० गुणांची रेघ आहे ती ब्रिटिश साइनमध्ये ८ वर ओढायला हवी. म्हणजे भाषांतर शंभर टक्के बरोबर असलं तरी आकडा जसाच्या तसा उचलला असता तर ८ आणि ९ गुणांवरची आजारी माणसं परत घरी पाठवली गेली असती!

यातून मला जे कळलं ते असं की पद्धत परदेशातून घेता येते, मजकूर घेता येत नाही. ब्रिटिश व्हिडिओ दुसऱ्या देशात दाखवून काही होणार नाही, पण तो कसा केला, कुणाला बसवलं, कसा तपासला, कुठे अडलं हे सगळं देता येतं आणि ते द्यावंच.

उलटं झालं की काय होतं तेही इतिहासात आहे. अँड्र्यू फॉस्टर हा गॅलोडेटमधून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय, तो स्वतः बधिर, १९५७ पासून त्याने आफ्रिकेत ३० हून जास्त बधिर शाळा काढल्या. तो गेला नसता तर हजारो मुलं शाळेविना राहिली असती, मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. पण शाळांबरोबर अमेरिकन साइनही गेली, आणि आज पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत शिकलेल्यांची साइन आणि गावाकडची जुनी साइन वेगळी आहे. मानसिक उपचार नेताना हे फार जपायला हवं, कारण दुःख माणूस ज्या भाषेत पहिल्यांदा भोगतो त्याच भाषेत सांगतो. याच्याही आधी, १८८० मध्ये मिलानला बधिरांच्या शिक्षणाची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तिने शाळांतून साइन हद्दपार करून तोंडी बोलण्याचा आग्रह धरला, आणि मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्या परिषदांच्या मालिकेने २०१० मध्ये व्हँकुव्हरला याबद्दल खेद जाहीर केला, १३० वर्षांनी. मिलानला झालं तेही आंतरराष्ट्रीय सहकार्यच होतं. म्हणून देश एकत्र आले एवढ्याने मी खूश होत नाही, त्या टेबलाशी बधिर माणसं किती होती हे मी आधी बघते.

मानसिक आरोग्य आणि बधिरत्व या विषयाची पहिली जागतिक काँग्रेस म्हणजे परिषद १९९८ मध्ये गॅलोडेटमध्येच झाली, मग २००० मध्ये कोपनहेगन, २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतलं वुस्टर, २००९ मध्ये ब्रिस्बेन, २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातलं माँटेरे, २०१४ मध्ये बेलफास्ट. त्याआधीपासून युरोपात या कामाची एक सोसायटी होतीच. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये मंजूर झाला, त्याचं ३२ वं कलम तर सरळ आंतरराष्ट्रीय सहकार्याचंच आहे. साइन लँग्वेज आणि इंटरप्रिटर यांचा उल्लेख त्यात बऱ्याच कलमांत आहे, पण आरोग्याचं जे २५ वं कलम, त्यात मात्र नाही. मला ही मोठी उणीव वाटते, कारण सरकारी माणूस आरोग्याची योजना करताना आरोग्याचंच कलम उघडतो.

एकीकडे व्हिडिओमुळे आज तांत्रिकदृष्ट्या सगळं शक्य आहे. युक्रेनमधून २०२२ मध्ये लाखो लोक बाहेर पडले त्यात बधिर लोकही होते, नव्या देशात पोचल्यावर त्यांना तिथली बोलीभाषा येत नव्हती आणि तिथली साइनही येत नव्हती. अशा माणसाला त्याची स्वतःची साइन येणारा थेरपिस्ट स्क्रीनवर मिळू शकतो, तो कुठल्याही देशात बसलेला का असेना. पण थेरपिस्टचं लायसन्स त्याच्या देशापुरतं, कधी तर राज्यापुरतंच असतं, हद्दीपलीकडच्या पेशंटला त्याने बघितलं की तो अडचणीत येतो. ऐकू येणाऱ्या पेशंटला हा नियम फारसा जाचत नाही कारण त्याला जवळपास दुसरा डॉक्टर मिळतो. बधिर माणसाला दुसरा नसतोच. इथे देशांनी आपापसात ठरवून सूट द्यायला काय हरकत आहे, थोड्याशा लोकांचा तर प्रश्न आहे.

आणि दुसरी गोष्ट पैशाची. या काँग्रेसना गरीब देशांतून बधिर काउन्सेलर का दिसत नाहीत असं मी दादाच्या काउन्सेलरला विचारलं होतं, तर ती म्हणाली हिशोब कर. तिथे इंटरनॅशनल साइन चालते, म्हणजे वेगवेगळ्या देशांचे बधिर लोक भेटले की वापरतात ती मिश्र साइन, ती परिषदांना जाऊन जाऊनच अंगवळणी पडते, नव्या माणसाला आपल्या देशाचा इंटरप्रिटर लागतो. दिवसभराचं काम एका इंटरप्रिटरला झेपत नाही, अर्ध्या तासाच्या आत पाळी बदलावी लागते, म्हणून दोन लागतात. एका बधिर माणसाला यायचं तर तीन तिकिटं, तीन खोल्या, तीन व्हिसा. आयोजक फार तर एकाची फी माफ करतात. पुढची काँग्रेस जिथे कुठे होईल तिथल्या बजेटमध्ये हॉल आणि जेवणाच्या आधी ही दोन जास्तीची तिकिटं धरली गेली पाहिजेत, आणि ती धरली आहेत का हे बोलावणं स्वीकारताना प्रत्येक मोठ्या वक्त्याने आयोजकांना विचारलं पाहिजे.